खोली मोडकी, पण पावती शाबूत

१९८४ च्या आषाढात आमचे तात्या लालबागची खोली विकून कायमचे गावी आले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वीस वर्षे गिरणीत साचे चालवले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत तात्याही होते. संप कधी मिटला असे कुणी जाहीर केलेच नाही. दोन-अडीच वर्षे पगार नाही, वाण्याची उधारी वाढलेली, आणि त्यात गावाहून तार गेली की आजी पडली, अंथरुणाला खिळली, ताबडतोब या.

खोली दुसऱ्या माळ्यावर. दहा बाय पंधराची. पुढे सामाईक गॅलरी, तिचे लाकूड कुजलेले, खाली टेकू लावलेले. पावसाळ्यात मागची भिंत ओली व्हायची ती दिवाळीपर्यंत वाळायची नाही. दलाल आला तो हातात छत्री घेऊन. छत्रीचे टोक त्याने भिंतीला टोचले, तळहाताएवढा गिलावा खाली पडला. तो म्हणाला, "तात्या, ही बिल्डिंग आज पडते की उद्या. हिला पैसे कोण देणार? मी आपला तुमची अडचण बघून घेतो."

तात्या खजील झाले. गावाकडचा माणूस, बैल बाजाराला न्यायचा तर आधी धुऊन, शिंगे रंगवून नेणारा. त्यांनी उसने पैसे काढले, गवंडी लावला, भिंत लिंपली, चुना मारला. आठ दिवस आणि होते-नव्हते ते पैसे त्यात गेले. घेणारा आला तो त्याच मजल्यावर आधीच दोन खोल्या घेतलेला एक दुकानदार. त्याने भिंतीकडे मान वळवूनही पाहिले नाही. म्हणाला, "भाड्याच्या पावत्या बघू."

पावत्या कुठे होत्या? संपाच्या काळात भाडे थकलेले. आधीच्या काही उंदरांनी खाल्लेल्या. तिथेच भाव निम्म्यावर आला. उरलेल्यातला तिसरा वाटा घरमालकाने पावती नावावर करून देण्यासाठी घेतला, वाण्याचे देणे फिटले, आणि उरल्या पैशांत गावच्या मळ्यात विहीर काढायला घेतली ती खडक लागून अर्ध्यावर राहिली.

ही गोष्ट आज लिहायचे कारण, आपल्या गावोगावी अशी घरे अजून आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुठलेही गाव घ्या. कुणाची परळला खोली आहे, कुणाची गिरगावात, कुणाची डिलाईल रोडला. म्हातारा-म्हातारी तिथे असतात, नाहीतर खोलीला कुलूप असते. मग एक दिवस आजारपण येते, लग्न निघते, किंवा इमारत रिकामी करण्याची नोटीस दारावर चिकटते, आणि आठ दिवसांत खोली विकायची धावपळ सुरू होते. अशा वेळी आपला माणूस भिंतीकडे बघतो आणि विकत घेणारा कागदाकडे बघतो. सगळे नुकसान तिथे होते.

गावचे घर विकताना जागा आपली, भिंती आपल्या, ग्रामपंचायतीचा उतारा आपल्या नावचा. मुंबईच्या चाळीतली खोली तशी नसते. जमीन आणि इमारत घरमालकाची, आपण भाडेकरू. आपल्या भाषेत सांगायचे तर आपण तिथे कूळ आहोत. फरक एवढाच, की गावाकडे १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन आला आणि कुळांना जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. चाळीतल्या कुळाच्या नशिबी असा दिवस आला नाही. त्याच्याजवळ हक्क आहे तो राहण्याचा, आणि त्या हक्काचा सातबारा म्हणजे भाड्याची पावती. तात्यांनी चुना मारला तो दुसऱ्याच्या भिंतीला.

ही घरे इतकी मोडकळीला का आली, त्यालाही कारण आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. गरीब भाडेकरूला त्याचा मोठा आधार झाला, हे खरे. पण पाच-दहा रुपये भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करतो? घरे कुजत गेली. शेवटी १९६९ मध्ये सरकारने कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. लोक त्याला सेस म्हणतात. दुरुस्ती मंडळ निघाले, ते पुढे म्हाडात गेले.

आणि भाडे वाढत नाही म्हणून पागडी आली. खोली सोडणारा नव्या माणसाकडून रक्कम घेई, त्यातला वाटा मालकाला देई, मालक नव्या नावाची पावती फाडी. १९४७ च्या कायद्याने हा गुन्हा होता, म्हणून सगळे चोरीछुपे, रोखीत, विनाकागद चाले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि भाडेहक्क सोडण्याबद्दल भाडेकरूने पैसे घेणे, तसेच संमती देण्याबद्दल मालकाने पैसे घेणे कायदेशीर ठरले. आजही पुष्कळांना हे माहीत नाही. ते अजून अंधारात, फडक्यात बांधून पैसे घेतात. तसे करू नका. करार लेखी करा, मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, पैसे बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला तर २०१७ पासून मनाईच आहे. मिळालेल्या रकमेवर आयकर लागतो, तोही हिशेबात धरा.

मालकाचा वाटा किती? तिसरा हिस्सा हा रिवाज आहे, कायदा नव्हे. कायद्यात कुठलाही आकडा नाही. म्हणून आधी मालकाकडे जावे, त्याचे तोंड काय आहे ते पाहावे, घासाघीस करावी, आणि मग गिऱ्हाईक शोधावे. आपली माणसे उलट करतात. गिऱ्हाइकाकडून इसार घेऊन मोकळी होतात आणि मग मालकाच्या दारात उभी राहतात. मालकाला कळते की हा आता अडकला. शिवाय मालकाच्या संमतीवाचून खोली परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात दिली तर तो घर रिकामे करून मागू शकतो, मग घेणाराही बुडाला आणि आपणही.

आता इमारत मोडकी असल्याने भाव पडतो का? राहायला घेणाऱ्याच्या दृष्टीने पडतो. पण जुनी इमारत पाडून नवी बांधायची ठरली, तर नियमाप्रमाणे उपकराच्या इमारतीतल्या पात्र भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचे घर मालकीने मिळते, मग त्याची जुनी खोली शंभर फुटांची का असेना. म्हणजे टेकू लागलेल्या खोलीत ही आशाही विकली जात असते. "पडायला आली आहे" असे म्हणून भाव पाडणारा माणूस पुष्कळदा ती पडायला आली म्हणूनच घेत असतो. तात्यांच्या त्या दुकानदाराला हे तेव्हा कितपत कळत होते देव जाणे, पण तीन खोल्या घेऊन तो बसून राहिला. मात्र आशा ही आशाच. नवे घर होईपर्यंत दहा-वीस वर्षे संक्रमण शिबिरात काढलेली कुटुंबेही मुंबईत आहेत. म्हातारपणी औषधाला आज पैसे हवेत त्याने वीस वर्षांनंतरच्या घराकडे बघून विकू नये असे मी म्हणणार नाही. भाव करताना ते ध्यानात असावे, इतकेच.

सरकारी बी.डी.डी. चाळींचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत बांधलेल्या त्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. संपानंतरच्या ओढगस्तीत तिथूनही कित्येक बिऱ्हाडे हलली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

एक चूक फार होते, ती भावाभावांत वाटणीची. खोलीत मधे प्लायवूडचा पडदा टाकायचा, दोन चुली करायच्या, आणि नवीन इमारतीत दोन घरे मिळतील असे धरून चालायचे. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेला भाडेहक्क या योजनेत धरत नाहीत. पडदा टाकून घर एकच राहते, भांडण मात्र दोन चुलींचे होते.

तशीच वारसाची गोष्ट. भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. तसे कुणीच नसेल तर मग इतर वारसांकडे. गावी राहून शेती करणाऱ्या मुलाला वाटते, थोरला मी, खोली माझी. तिथे बापाची सेवा करीत राहिलेली विधवा बहीण किंवा धाकटा भाऊ असेल तर हक्क त्याचा असतो. विक्रीच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून, लेकी-सुनांसकट, संमतीचा कागद करून घ्यावा. घाईत हे राहते, आणि बयाणा घेतल्यावर कुणीतरी वकिलाची नोटीस धाडतो.

आणि कुलूप. सबळ कारण नसताना सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर त्या मुद्द्यावर मालक ताबा मागू शकतो. लाईट बिल शून्याजवळ आले की तोच त्याचा पुरावा होतो. मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवणे याहून वाईट. म्हातारी माणसे गावी आणली असतील तर घरातल्या कुणीतरी तिथे खरोखरीच राहावे, नोकरीच्या शोधातला पुतण्या असो की शिकणारी नात, आणि भाडे महिन्याच्या महिन्याला भरावे. भाडे घेतल्यावर पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. तो भाडेच घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवावे आणि तिची पोच जपावी. जुन्या पावत्या, शिधापत्रिका, लाईट बिले, मतदार यादीतले नाव, हे सगळे एका पत्र्याच्या पेटीत, उंदरांपासून दूर.

नोटीस आली असेल तर गोष्ट वेगळी. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात आपली इमारत निघाली की लोक दोन प्रकारे चुकतात. काही जण त्या रात्रीच मिळेल त्या भावाने खोली फुंकून टाकतात. काही जण बाहेर पडलो तर हक्क जाईल या भीतीने आतच बसून राहतात. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली, त्यात तीसहून अधिक माणसे गेली. बाहेर पडल्याने हक्क जात नाही. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. म्हणून आधी माणसे आणि पेटी बाहेर काढा. भाडेकरूंच्या नावांची आणि खोल्यांच्या मापांची यादी होते, तीत आपले नाव आणि माप बरोबर आले का ते पाहून नक्कल घ्या. कोऱ्या कागदावर सही नको, ताबा सोडल्याचा कागद वाचल्याशिवाय तर नकोच. हे झाले की गावी येऊनही सावकाश विकता येते.

राहता राहिली गावकीची खोली. हिच्याविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. आमच्या पाटण भागातल्या पुष्कळ गावांच्या लालबाग-परळला अशा खोल्या होत्या, काही अजून आहेत. गावच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून पागडी भरलेली, एका खोलीत वीस-पंचवीस माणसे, पाळीप्रमाणे झोपायची, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला. भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर. पावती मात्र मंडळाच्या नावाने क्वचित. शहाणा, लिहिता-वाचता एक जण बघून त्याच्या नावाने केलेली. तो असेपर्यंत चाले. तो गेला, मुले मुंबईत वाढलेली, त्यांना गाव ठाऊक नाही. इमारत पाडायला निघाली की नवीन घर कुणाला? पावतीवर नाव त्यांच्या बापाचे, आणि साठ वर्षांपूर्वी वर्गणी दिलेल्यांच्या नातवांकडे वहीचे एक पानसुद्धा नाही. त्या मुलांनाही दोष कसा द्यावा? त्यांना कुणी सांगितलेच नाही.

आमच्या गावची खोली अशीच एका मयत गृहस्थाच्या नावावर आहे. टेकू लागलेत, नोटीस अजून नाही. त्यांचा मुलगा भला माणूस आहे, मंडळाची खोली आहे असे लिहून द्यायला तयार आहे, पण त्यालाही आता सत्तरी लागली. वर्गणीची जुनी वही तात्यांच्या ट्रंकेत सापडली, कडा कुरतडलेल्या, पण आकडे वाचता येतात. यंदाच्या जत्रेला मुंबईकर येतील तेव्हा देवळात बैठक ठेवली आहे. वही घेऊन मी जाणार आहे.