ठिणगी, संकेतांक आणि जुनी मोटार

शिरूर तालुक्यांतील रांजणगांव अष्टविनायकांमुळें महाराष्ट्राच्या घरोघरीं ठाऊक आहे. मोटारवाल्यांना तें आणखी एका कारणानें ठाऊक आहे. तेथील औद्योगिक वसाहतींत फियाट व टाटा या कंपन्यांनीं मिळून चालविलेल्या कारखान्यांतून २००९ सालीं लिनिया आणि ग्रँडे पुंटो या गाड्या बाजारांत आल्या. त्या पहिल्या गाड्यांना आतां पंधरा वर्षें उलटून गेलीं आहेत. त्यांच्याहून वडील ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. तिचा मूळ नमुनाहि फियाटचाच. पेट्रोलची लिनिया असो कीं पद्मिनी, दोघींच्या पोटांत पेट होतो तो ठिणगीनेंच. पण बिघाड झाला असतां त्या बोलतात मात्र निरनिराळ्या भाषांत. धाकटी आंकडे सांगते. थोरलीला एकच वाचा आहे, ती म्हणजे काढून हातांत घेतलेला तिचा प्लग. धाकटीचे मालक आंकड्यांवर विसंबून प्लगाकडे पाहीनासे झाले, आणि पुष्कळशा वायफळ खर्चाचें मूळ येथेंच आहे.

प्लगाचें काम सांगावयास सोपें. सिलिंडरांत दट्ट्यानें दाबलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणांत विजेची ठिणगी उडवावयाची, इतकेंच. पण त्यासाठीं हजारों व्होल्टांचा दाब लागतो, आणि एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर फोर-स्ट्रोक एंजिनाच्या एकेका प्लगाला सेकंदांत पंचवीस वेळां तें करावें लागतें. शिवाय त्याचें टोंक फार थंड राहून चालत नाहीं व फार तापूनहि चालत नाहीं. सुमारें ४५० अंश सेल्सिअसच्या खालीं राहिलें तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाहीं. ८५० अंशांच्या फार वर गेलें तर तें लाल टोंकच ठिणगीची वाट न पाहतां मिश्रण पेटवितें, आणि दट्ट्याला भोंक पडण्यापर्यंत पाळी येते. या दोन मर्यादांमध्यें टोंक राहावें म्हणून प्लग ‘गरम’ व ‘थंड’ अशा जातींचे करतात. गरम प्लगाच्या आंतील पांढऱ्या सिरॅमिकचें नाक लांब असतें, त्यामुळें उष्णता सावकाश बाहेर जाते. थंड प्लगाचें नाक आंखूड असतें.

ही जात प्लगावरील आंकड्यावरून ओळखावयाची, आणि दुकानाच्या काउंटरवर घोटाळा होतो तो येथें. बॉश व चँपियन यांच्या प्लगांवर आंकडा जितका मोठा तितका प्लग गरम, एन.जी.के.च्या प्लगांवर आंकडा जितका मोठा तितका तो थंड! याहून मौज अशी कीं बॉशची स्वतःची जुनी पद्धत आजच्या उलट होती. तिच्यांत १४५, १७५, २२५ असे आंकडे असत आणि त्या तिहींत २२५ हा सर्वांत थंड. १९५१ सालीं बंगळूरास निघालेली आणि २००८ सालीं बॉश हें नांव धारण केलेली मायको कंपनी याच पद्धतीनें प्लग करीत असे. तिचा डब्ल्यू १७५ हा प्लग आजच्या गणनेंत सातच्या जवळपास येतो. म्हणून ‘एक नंबर वरचा द्या’ असें सांगून प्लग मागणारा गिऱ्हाईक काय घेऊन घरीं येईल याचा नेम नाहीं. गाडीच्या पुस्तिकेंतील क्रमांक आणि प्लग-कंपनीचें तुलना-कोष्टक यांवांचून दुसरा आधार घेऊं नये. गाडींतून निघालेला जुना प्लगहि प्रमाण मानूं नये; तो पूर्वीच्या मिस्त्रीनें चुकीचा बसविलेला असूं शकतो.

आट्यांची लांबीहि पुस्तिकेप्रमाणेंच हवी. लांब प्लग दट्ट्यावर आदळतो, आंखूड प्लग आंतच दडून राहतो. फटीच्या बाबतींत पॉइंट व कॉइलच्या जुन्या गाड्यांना साधारणतः ०.६ मिलिमीटरच्या आसपास, तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांना ०.८ ते १.१ मिलिमीटरपर्यंत फट सांगितलेली असते. सी.एन.जी. बसविलेल्या गाडींत ठिणगी उडविण्यास अधिक दाब लागतो, म्हणून तेथें फट किंचित् कमी ठेवतात. इरिडियमचा महागडा प्लग फार टिकतो हें खरें. पण पद्मिनीच्या कार्बोरेटरचा दोष त्यानें नाहींसा होत नाहीं.

शिरूरहून न्हावरे व केडगांव चौफुला या मार्गानें दौंडकडे निघालेली गाडी प्लगावर काय काय लिहून ठेवते तें पाहण्यासारखें आहे. घोड व भीमा या नद्यांच्या कांठीं ऊस, आणि पाण्यापासून दूर कोरडी, धुळीची रानें. उन्हाळ्यांतील धुळीनें हवेची जाळी तुंबली तर कार्बोरेटरच्या एंजिनाला हवा कमी पडते, पेट्रोल जास्त होतें आणि प्लगावर कोरडी, मखमलीसारखी काजळी धरते. हंगामांत उसाच्या ट्रॉल्यांमागें मैलोगणती रांगत गेलेल्या, किंवा बाजारपेठेंतल्या बाजारपेठेंतच फिरणाऱ्या गाडीचा प्लगहि असाच काळवंडतो, कारण त्याचें टोंक पुरेसें तापतच नाहीं. काळेपण ओलें व तेलकट असेल तर मामला निराळा. दट्ट्याच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचीं सिलें झिजलेलीं असतात, आणि नवा प्लग घालणें म्हणजे केवळ कांहीं दिवसांची उसनवारी. टोंक पांढरें पडून फोड आल्यासारखें दिसलें तर मिश्रण विरळ आहे, टायमिंग चुकलें आहे अथवा प्लग फार गरम जातीचा आहे. फिकट तपकिरी, कोरडा रंग असेल तर प्लग मुकाट्यानें परत बसवावा.

आतां संकेतांक. अमेरिकेंत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे संकेतांक सक्तीचे झाले. भारतांत एप्रिल २०१० मध्यें पहिला टप्पा व एप्रिल २०१३ मध्यें दुसरा टप्पा लागू झाला. त्यापूर्वींच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ज्या त्या कंपनीची आपापली सांकेतिक भाषा असे. कांहींत डॅशबोर्डावरील दिव्याची उघडझांप मोजून आंकडा काढावा लागे. आजच्या पद्धतींत ‘पी’ हें अक्षर एंजिन-गिअरबॉक्सचें, पुढील शून्य सर्व कंपन्यांस समान अशा संकेताचें, आणि त्यापुढील तीन हा ठिणगी व पेट यांचा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरांत पेट चुकला; मिस्त्रींच्या बोलींत, गाडी मिसिंग करते.

हें संगणकाला कळतें कसें? तो सिलिंडरांत डोकावत नाहीं. प्रत्येक पेटासरशीं क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला कीं तिचा वेग क्षणमात्र मंदावतो, आणि सेन्सर तेवढें टिपतो. म्हणजे धक्का चुकला एवढेंच त्याला ठाऊक. प्लगामुळें, कॉइलमुळें, इंजेक्टरमुळें कीं जळालेल्या व्हॉल्व्हमुळें, तें नाहीं. तरीहि आंकडा पाहतांच चार प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर अशी खरेदी सुरू होते. जेथें प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल आहे तेथें फुकटची कसोटी उपलब्ध आहे. पहिल्या सिलिंडरावरील कॉइल तिसऱ्यावर ठेवावी. संकेत पी ०३०३ झाला तर चोर सांपडला. पी ०३०१ च राहिला तर प्लगांची अशीच अदलाबदल करावी. त्यानंतरहि तो हलला नाहीं, तर इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासावें. पी ०३०१ व पी ०३०४ जोडीनें आले आणि त्या दोन सिलिंडरांना कॉइल एकच असेल, तर प्रथम संशय तिच्यावर घ्यावा.

पी ०१७१ हा मिश्रण विरळ झाल्याचा संकेत. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जातें. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यामुळें मिश्रण किंचित् विरळ होतें. शेजारच्या शेतांतला ऊसच अशा रीतीनें एंजिनांत पोंचला म्हणावयाचा! इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल वाढवून घेते, पद्मिनीचा कार्बोरेटर घेऊं शकत नाहीं. परंतु पी ०१७१ दिसतांच इथेनॉलच्या नांवें खडे फोडण्यापूर्वीं तडकलेली व्हॅक्यूमची नळी आणि दमलेला पेट्रोल-पंप पाहावा.

दिवा स्थिर जळत असेल तर गाडी बेतानें घरापर्यंत नेतां येते. तो उघडझांप करूं लागला तर रात्र असो वा घरचीं माणसें बरोबर असोत, जागा पाहून थांबावें. न जळलेलें पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, आणि त्या एका भागाच्या किंमतींत प्लगांचे कित्येक संच येतात. प्लग काढावयाचे ते एंजिन निवाल्यावर, भोंवतालची धूळ फुंकून, आणि कोणता कोणत्या सिलिंडरांतला तें लक्षांत ठेवून. बसवितांना आटे हातानेंच धरावे. वॉशरचा नवा प्लग टेंकल्यावर पान्यानें अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. स्कॅनरनें संकेत पुसण्याची घाईहि करूं नये. २०१३ नंतरच्या गाड्यांत संकेताबरोबर त्या क्षणींचे फेरे, वेग व एंजिनाचें तापमान यांचीहि नोंद राहते; चूक ट्रॉलीमागें रांगतांना झाली कीं सोलापूर रस्त्यावर वेगांत असतांना, हें तिच्यावरून कळतें, आणि संकेत पुसला कीं ती नोंदहि पुसली जाते.