सॉफ्टवेअरमधील नवी त्रुटी किती गंभीर? कसे ओळखावे?



"अमुक सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी सापडली" अशी बातमी आली की ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात. कोणी घाबरून ॲपच काढून टाकतं, तर कोणी 'आपल्याला काय त्याचं' म्हणून सोडून देतं. पण शाळेच्या कॉम्प्युटरवर मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर असतात. म्हणून धोका नेमका किती, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

गुण कसे देतात?

त्रुटीला ० ते १० गुण देण्याची 'सीव्हीएसएस' नावाची पद्धत जगभर वापरतात. ९ आणि त्यापुढे म्हणजे अतिगंभीर. त्यात मुख्यतः हे पाहतात :

१. हल्ला इंटरनेटवरून, दूर बसून करता येतो का?
२. त्यासाठी पासवर्ड लागतो का?
३. वापरणाऱ्याने कुठे क्लिक करावं लागतं का?
४. माहिती चोरता येते, बदलता येते की कामच बंद पाडता येतं?

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावा प्रोग्राममध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या भागात त्रुटी सापडली. पासवर्ड नको, क्लिक नको. दुरून विशिष्ट मजकूर पाठवला की सर्व्हर ताब्यात! तिला १० पैकी १० गुण मिळाले.

गुण कमी, म्हणजे धोका कमी?

नेहमीच नाही. २०१४ मधल्या 'हार्टब्लीड' त्रुटीला तेव्हाच्या पद्धतीने फक्त ५ गुण होते, कारण तिच्यातून माहिती वाचता येत होती, बदलता येत नव्हती. पण वाचता येणाऱ्या माहितीत पासवर्डही होते! चोरलेल्या किल्लीने पुढे कुठलंही कुलूप उघडतं, हे त्या गुणांत दिसत नव्हतं.

म्हणून गुणांबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा :

• ते सॉफ्टवेअर, तीच आवृत्ती आपल्याकडे आहे का? नसेल तर १० गुणांची त्रुटीही आपल्यासाठी शून्य.
• हल्लेखोर तिचा वापर करू लागलेत का?
• दुरुस्तीचं अपडेट आलंय का?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका त्रुटीवर मार्च २०१७ मध्ये अपडेट दिलं होतं. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' पसरला आणि ब्रिटनमधल्या अनेक सरकारी रुग्णालयांचं काम ठप्प झालं. अपडेट होतं, ते टाकलेलं नव्हतं.

आपल्या देशात 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था अशा सूचना गंभीरतेच्या पातळीसह प्रसिद्ध करते. फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी तिथे बघा आणि शाळेच्या कॉम्प्युटरचं थांबलेलं अपडेट आजच पूर्ण करा.