नव्या डेस्कटॉपचा मोह, जुन्या लॅपटॉपचा जीव

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अमरावती-अकोल्यातले जुने लॅपटॉप वापरात ठेवायला कुबुंटूसारखे मोफत लिनक्स उपयोगी पडते. कुबुंटू २४.०४ मध्ये प्लाझ्मा ५.२७ हा डेस्कटॉप मिळतो. प्लाझ्मा ६ त्याआधीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला होता. तो मिळवायला बाहेरचे भांडार, म्हणजे ‘पीपीए’, जोडण्याचा मोह होतो.

धोका इथेच आहे. प्लाझ्मा ५ क्यूटी ५ या पायावर उभा आहे, प्लाझ्मा ६ क्यूटी ६ वर. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर धरतो, कोणत्याही झाडावर नाही, तसेच हे. निम्मे भाग नवे आणि निम्मे जुने राहिले, की लॉगिननंतर स्क्रीन काळी पडू शकते.

म्हणून आधी फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा आणि ‘पीपीए-पर्ज’ हे साधन बसवून घ्या. अपग्रेडला ‘होय’ म्हणण्यापूर्वी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचेच भाग दिसले तर थांबा. स्क्रीन काळी झालीच, तर लगेच फॉरमॅट करू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून लॉगिन करा आणि पीपीए-पर्जने मूळ आवृत्त्या परत आणा. प्लाझ्मा ६ हवाच असेल, तर तो मुळातच असलेले लिनक्स पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहा.