कार्यालयीन आज्ञावली : विकत, भाड्याने की मुक्त?

पेढीवर संगणक आला त्याला आता एक पिढी उलटून गेली. कीर्द-खतावणीचे काम बहुतेकांनी हिशेबाच्या स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविले आहे. परंतु पत्रव्यवहार, दरपत्रके, येणेबाकीच्या याद्या, मालाचे तक्ते आणि घरातील मुलांचे लेखन ही कामे ज्यावर होतात, त्या कार्यालयीन आज्ञावलींच्या संचाची निवड आपण क्वचितच विचारपूर्वक करतो. संगणक विकणारा जो संच घालून देईल तोच आपला, असा प्रघात पडला आहे. तो सुटावा या हेतूने काही गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

तक्त्यांच्या आज्ञावलीचा जन्म व्यापारी हिशेबातूनच झाला. एक आकडा बदलला की पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, ही अडचण हार्वर्डच्या व्यापारशाळेत शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना जाणवली, आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने त्यांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' बाजारात आणली. १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' ने तिला मागे टाकले. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'एक्सेल' निघाली व पुढे तिने लोटसचीही जागा घेतली. आज्ञावली अशा येतात आणि जातात. तिच्यात लिहिलेला हिशेब मात्र आपणांस वर्षानुवर्षे लागतो.

आज आपल्यापुढे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मायक्रोसॉफ्टचा. हा संच एकदाच किंमत देऊन घेता येतो किंवा 'मायक्रोसॉफ्ट ३६५' या नावाने वार्षिक भाड्याने मिळतो. भाडे थकले की फाइली वाचता व छापता येतात, पण त्यांत दुरुस्ती करता येत नाही. विकत घेतलेलाही कायमचा नसतो : २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांना मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तरीही मोठ्या तक्त्यांत एक्सेलचा हात धरणारे कोणी नाही, हे मान्य केले पाहिजे. शिवाय जीएसटीआर-९ या वार्षिक विवरणाचे शासकीय ऑफलाइन पत्रक एक्सेलच्या मॅक्रोंवरच चालते. घरगुती वापराच्या परवान्यावर दुकानाचे काम करण्यास मात्र मुभा नाही, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

दुसरा मार्ग 'लिबरऑफिस'चा. मूळच्या जर्मन 'स्टारऑफिस'ची संहिता सन कंपनीने २००० साली खुली केली. सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर २०१० मध्ये त्यातून हा संच वेगळा निघाला. तो विनामूल्य आहे, कितीही यंत्रांवर घालावा, घरी वापरावा, दुकानात वापरावा. आज्ञांची नावे मराठीतही मिळतात. उणीव एवढीच की एक्सेलचे मॅक्रो त्यात नेहमीच चालतात असे नाही, आणि गुंतागुंतीच्या मांडणीची पत्रे कधी कधी विस्कटतात.

तिसरा मार्ग गूगल किंवा आपल्याकडील झोहो यांचा. येथे फाइल दूरच्या यंत्रावर राहते, आणि बेळगावची पेढी व कोल्हापूरची शाखा एकाच वेळी एकच तक्ता पाहू शकतात. सोय मोठीच, पण खाते कोणाच्या नावाने उघडले आहे ते आधी पाहावे. मुनीमजींनी स्वतःच्या नावे उघडलेल्या खात्यात पेढीच्या याद्या असतील, तर ते नोकरी सोडून जाताना तिजोरीची किल्लीच घेऊन गेले म्हणावयाचे.

किमतीपेक्षा आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते फाइलीचे स्वरूप. जुन्या एक्सएलएस स्वरूपात ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. हा भेद न पाहिल्यामुळे २०२० साली इंग्लंडच्या आरोग्ययंत्रणेच्या तक्त्यांतून कोविडच्या सुमारे १६ हजार रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. लिबरऑफिसचे ओडीएफ हे स्वरूप २००६ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचे नवे स्वरूप २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले, म्हणून जुन्या फाइली यांपैकी एकात उतरवून घेणे इष्ट. मराठी मजकुराची गोष्ट याहून बिकट आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ होऊन उघडते. आजोबांच्या मोडी खतावण्या अनेक घरांच्या कपाटांत सुस्थितीत आहेत, पण त्या वाचणारे घरात कोणी उरले नाही. तशीच ही गत.

तेव्हा ज्या यंत्रावर कराचे काम होते व सनदी लेखापालांशी तक्त्यांची देवघेव चालते, तेथे एक्सेल असावी. उरलेल्या यंत्रांवर आणि घरी लिबरऑफिस पुरे. बदल करण्यापूर्वी आपल्याच तीन फाइली नव्या संचात उघडून पाहाव्या : सर्वांत मोठा तक्ता, सर्वांत जुने मराठी पत्र आणि गेल्या मार्चअखेरची येणेबाकी. बेरजा जुळल्या व अक्षरे शाबूत राहिली, तर जुन्या संचाचे पुढील वर्षाचे भाडे भरण्याचे कारण नाही.