आडवी रेषा, उभी रेषा आणि चढ

बंगळूर शहराच्या ईशान्येस कृष्णराजपुरम् आहे. लोक त्याला के. आर. पुरम म्हणतात. आज हा महानगराचाच गजबजलेला भाग असला, तरी एके काळी शहराबाहेरचे ते एक गाव होते. १७९९ साली टिपू सुलतानाचा पाडाव झाला आणि दुसऱ्याच वर्षाच्या अखेरीस विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने या गावापासून नैर्ऋत्येकडील अगरा या खेड्यापर्यंत जमिनीवर एक सरळ रेषा मोजून काढली. तिची लांबी साडेसात मैलांच्या आसपास होती. पुढे ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने अवघ्या देशाचे माप घेतले, त्याची ही जणू रंगीत तालीमच.

मोजण्यासाठी शंभर फूट लांबीची पोलादी साखळी होती. (ती मुळात चीनच्या सम्राटासाठी इंग्लंडहून गेलेल्या नजराण्यातली. तेथे ती स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत लॅम्बटनच्या हाती आली.) आता अडचण अशी की जमीन कोठेही सपाट नसते आणि नकाशाला मात्र सपाटीवरचेच अंतर हवे असते. समजा, एका साखळीच्या लांबीत जमीन दोन फूट चढली. मग ती शंभर फुटांची साखळी काटकोन त्रिकोणाचा कर्ण होते आणि पायथ्याचे खरे आडवे अंतर ९९.९८ फूट इतकेच भरते. फरक सुमारे पाव इंचाचा. तो कोणाच्या खिजगणतीतही येणार नाही. परंतु साडेसात मैलांत अशा ३९६ साखळ्या बसतात. प्रत्येक साखळीला हाच चढ असेल आणि तो हिशेबात घेतला नाही, तर एकूण चूक आठ फुटांच्या घरात जाते. शिवाय आधाररेषेतील चूक तिच्यावर उभारलेल्या प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणून किती चालले यासोबत किती चढले, हेही नोंदवावे लागते.

बीजगणितातील चढ म्हणजे या दोहोंचे गुणोत्तर. रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घ्यावेत, त्यांच्या य-सहनिर्देशकांतील फरकाला क्ष-सहनिर्देशकांतील फरकाने भागावे, की चढ मिळतो. वरील उदाहरणात तो २ भागिले ९९.९८, म्हणजे सुमारे ०.०२ येतो. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे तो चढालाही चालतो आणि उतारालाही. मराठीत मात्र आपण कोणत्या टोकाला उभे आहोत त्यावर शब्द बदलतो. अनुवाद करताना येथे क्षणभर अडखळायला होते. बीजगणिताने ही अडचण चिन्हाने सोडवली आहे: डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर जात असेल तर चढ धन, खाली येत असेल तर ऋण.

आता जमिनीचा उंचसखलपणा बाजूला ठेवू आणि नकाशाच्या सपाट कागदाकडे वळू. येथे क्ष म्हणजे पूर्वेकडचे अंतर आणि य म्हणजे उत्तरेकडचे. अगरा हा आरंभबिंदू मानू. के. आर. पुरम तेथून ईशान्येला आहे. सोयीसाठी ते ६ एकके पूर्वेला व ९ एकके उत्तरेला आहे असे धरले, तर रेषेचा चढ ९ भागिले ६, म्हणजे दीड.

हेच गाव अगऱ्याच्या थेट पूर्वेला १२ एककांवर असते तर? उत्तरेकडचा फरक शून्य, पूर्वेकडचा १२. शून्याला बाराने भागले की शून्य येते. प्रत्येक आडव्या रेषेचा चढ शून्य असतो आणि शून्य ही पाच किंवा दीड यांच्याइतकीच सच्ची संख्या आहे. ‘किती चढ?’ या प्रश्नाचे ते पूर्ण उत्तर होय.

आणि गाव थेट उत्तरेला असते तर? आता १२ ला शून्याने भागायचे आहे. भागाकार म्हणजे अशी संख्या शोधणे, की जिला छेदाने गुणले असता अंश मिळेल. शून्याने गुणून १२ देणारी संख्या कोणती? अशी संख्याच नाही. म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही.

‘मग तो अनंत म्हणावा,’ असे पुष्कळांना वाटते. सूचना मोहक आहे खरी, पण रेषा हळूहळू उत्तरेकडे वळवून पाहा. १२ एकके उत्तरेला जाताना पूर्वेला १ एकक सरकलो तर चढ १२, ०.१ सरकलो तर १२०, ०.००१ सरकलो तर १२०००. आता तीच रेषा पश्चिमेच्या बाजूने उत्तरेकडे आणा. चढ येतात उणे १२, उणे १२०, उणे १२०००. एका बाजूने आलो तर चढ धन दिशेने हाताबाहेर जातो, दुसऱ्या बाजूने आलो तर ऋण दिशेने. आणि दोन्ही वाटा अखेर एकाच उभ्या रेषेशी पोहोचतात. त्या रेषेला धन अनंत म्हणावे की ऋण अनंत? दोहोंपैकी एक निवडायला काही आधारच नाही.

विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो त्याचे खापर थोडेसे आपल्या बोलण्यावरही फोडायला हवे. सपाट रस्त्याविषयी आपण सहज म्हणतो, ‘याला चढच नाही.’ बीजगणितात मात्र सपाट रेषेला चढ आहे आणि तो शून्य आहे. ज्या रेषेला चढ नाही ती गवंड्याच्या ओळंब्याची रेषा, उभी. शून्य असणे आणि नसणे यांतला भेद बोलीत पुसला जातो. म्हणूनच उत्तरपत्रिकेत दोन्ही रेषांपुढे शून्य लिहिलेले आढळते.

हा दोष उभ्या रेषेचा की आपल्या मापाचा? के. आर. पुरम स्थानकावरून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग पाहावा. रेल्वेत चढ उलट्या रीतीने सांगतात. एक फूट चढायला किती फूट चालावे लागते, ते तेथे पाहतात. बोरघाटात हे प्रमाण ३७ ला १ असे आहे. या रीतीत अडते ती सपाट रेषा, कारण कितीही चालले तरी एक फूट चढून होत नाही. म्हणून रुळांशेजारच्या चढदर्शक खांबावर सपाटीसाठी संख्या न लिहिता इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लिहितात. उलट उभ्या कड्याला याच रीतीत शून्य हे सरळ उत्तर मिळते. अंश आणि छेद यांची अदलाबदल केली, की अडणारी रेषाही बदलते. चढाऐवजी कोन मोजला, तर कोणतीच रेषा अडत नाही. उभी रेषा म्हणजे केवळ ९० अंश.

उभ्या रेषेचे समीकरणही साधे असते. फक्त त्यात चढाला जागा नसते. आडव्या रेषेवर य बदलत नाही, म्हणून ‘य = ५’; उभीवर क्ष बदलत नाही, म्हणून ‘क्ष = ३’. या जातीची एक फार मोठी रेषा लॅम्बटनच्याच कामातून निघाली. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, ७८ रेखांशाच्या आसपास, दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी मोजण्याचे काम त्याने हाती घेतले. ते अर्ध्यावर असताना, १८२३ साली, नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे नेले. नकाशावर ही रेषा उभी आहे. तिचा चढ विचारला तर उत्तर नाही; ती कोठे आहे असे विचारले तर एका संख्येत सांगता येते: क्ष = ७८.