नाकातला फवारा शाकाहारी आहे का?

ब्रिटनमध्ये मुलांना फ्लूची लस सहसा टोचत नाहीत, नाकात फवारतात. ‘फ्लुएन्झ’ हे तिचे नाव. प्रत्येक नाकपुडीत ०.१ मिलिलिटर, की काम झाले. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टला दोन किंवा तीन वर्षांच्या असलेल्या मुलांना ती जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या नेहमीच्या डॉक्टरकडे मिळते, तर रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गापासून इयर इलेव्हनपर्यंतच्या मुलांना शाळेत. त्यासाठी शाळा सुरू होताच पालकांकडे संमतीचा फॉर्म येतो. लसीत कोणते वाण घालायचे हे फेब्रुवारीत कसे ठरते, तो विषय या लेखांकात यायचा होता. पण फॉर्म भरायचे दिवस हेच आहेत, आणि तिथल्या मराठी घरांतून दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे: या फवाऱ्यात जिलेटिन असते, ते डुकराचे असते, मग काय करायचे? वाणांची निवड पुढच्या आठवड्यात.

जिलेटिन का लागते हे कळायला लसीचा स्वभाव कळावा लागतो. फ्लुएन्झमधला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात हुनैन मासाब यांनी १९६० साली ॲन आर्बर शहरात मिळालेला विषाणू कमी कमी तापमानात वाढवत नेला, तो २५ अंश सेल्सिअसला सुखाने वाढू लागेपर्यंत. असा थंडीला सरावलेला विषाणू नाकाच्या गारव्यात वाढतो आणि प्रतिकारशक्तीला जागे करतो. शरीराच्या आतल्या उष्णतेत मात्र त्याला नीट वाढता येत नाही. दरवर्षी या जुन्या सांगाड्यावर त्या वर्षीच्या विषाणूची बाह्य प्रथिने चढवतात. जिवंत वस्तू साठवायची आणि वाहून न्यायची तर तिला सांभाळणारे काहीतरी सोबत हवे. ते काम अतिशुद्ध केलेले जिलेटिन करते.

अशी लस पुण्याला नवी नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुणे हादरले आणि पुढच्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, सिरम इन्स्टिट्यूटने नाकातून द्यायची ‘नॅसोव्हॅक’ बाजारात आणली. तिचा सांगाडा अमेरिकी नव्हे, रशियन होता: १९५७ च्या लेनिनग्राडच्या विषाणूपासून तयार केलेला. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंनी एकच युक्ती स्वतंत्रपणे शोधली. एकीचे फळ लिव्हरपूलच्या स्पीक भागातल्या कारखान्यात पोचले, दुसरीचे हडपसरला.

जिलेटिनवरचा वाद ब्रिटनमध्ये मुख्यतः मुस्लिम पालकांकडून उभा राहिला. १९९५ साली कुवेतमध्ये जमलेल्या शंभराहून अधिक इस्लामी विद्वानांनी असा निर्वाळा दिला होता की प्रक्रियेत मूळ पदार्थाचे पूर्ण रूपांतर झाले तर तो निषिद्ध राहत नाही. ब्रिटनमधल्या अनेकांना तो पटला नाही, आणि २०१९ मध्ये मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटनने पर्यायाची गरज जाहीरपणे मांडली. ज्यू परंपरेत अडचण कमी येते, कारण बंदी खाण्यावर आहे आणि ही लस खाल्ली जात नाही. सरकारी आरोग्ययंत्रणेचे म्हणणे असे की फवाऱ्यातले जिलेटिन इतके विघटित झालेले असते की संवेदनशील चाचण्यांतही डुकराचा डीएनए सापडत नाही. निरोगी मुलांना टोचायचा पर्याय तेव्हा दिला जात नव्हता. २०२० पासून मात्र जिलेटिनमुळे फवारा नाकारणाऱ्यांच्या मुलांना इंजेक्शन मिळू लागले. त्यासाठी पालकांनी फॉर्मवर किंवा शाळेत येणाऱ्या लसीकरण पथकाला तसे सांगावे लागते.

याच वादाची एक झळ पुण्यालाही लागली आहे. सिरमची गोवर-रुबेलाची लस इंडोनेशियात वापरली जात असताना २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या उलेमा परिषदेने तिच्यात डुकराचा अंश असल्याचे जाहीर केले, पण दुसरा पर्याय नसल्यामुळे ती घ्यायला मुभाही दिली. मुभेपेक्षा ‘डुकराचा अंश’ हे शब्द लवकर पसरले आणि अनेक भागांत लसीकरण रोडावले.

मराठी शाकाहारी घराची अडचण मात्र या सगळ्याहून निराळी आहे, आणि ब्रिटिश पत्रकांत ती जवळपास दिसतच नाही. तिथे प्रश्न डुकराचा नसून प्राण्याचा आहे. म्हणून इंजेक्शन मागून तो सुटतो, असे वाटले तरी सुटत नाही. फवाऱ्यातला विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेला असतो. मुलांना पर्याय म्हणून दिले जाणारे इंजेक्शन अंड्याऐवजी पेशींत वाढवलेल्या विषाणूपासून बनते, त्यात जिलेटिनही नसते. पण त्या पेशींचे कूळ १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींपर्यंत जाते. काटेकोर अर्थाने शाकाहारी म्हणावी अशी फ्लूची लस या कार्यक्रमात नाही. जेलीच्या गोळ्यांचे पाकीट उलटून घटक वाचणाऱ्या आईवडिलांना हे खटकणे साहजिक आहे. पण त्याच घरांत औषधाच्या कॅप्सूल वर्षानुवर्षे गिळल्या जातात आणि त्यांचे कवच बहुधा जिलेटिनचेच असते. हिंदूंना बांधून ठेवणारी एखादी धर्मसभा नाही, तेव्हा निर्णय घरातच होतो. तो करताना फवारा आणि इंजेक्शन यांची तुलना शाकाहाराच्या निकषावर करण्यात फारसा अर्थ उरत नाही. निकष आजाराचा हवा.

आजाराच्या बाजूने पाहता निरोगी शाळकरी मूल फ्लूतून बहुधा आठवड्याभरात बरे होते. इस्पितळात जाण्याची वेळ अधिक येते ती पाच वर्षांखालच्या मुलांवर आणि ज्यांना आधीच एखादा आजार आहे अशांवर. मग सगळ्यांनाच लस का? ब्रिटनच्या लसीकरणविषयक सल्लागार समितीने २०१२ मध्ये ही शिफारस केली तेव्हा तिच्यासमोर मुलाइतकेच त्याचे आजी-आजोबाही होते. मुले विषाणू भरपूर आणि जास्त दिवस पसरवतात. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून शाळकरी मुलांना फ्लूची लस सक्तीची होती. सक्ती १९८७ मध्ये सैल झाली, १९९४ मध्ये संपली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की दर ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता, मुख्यतः वृद्धांचा. इंग्लंडमध्ये २०१४-१५ च्या हंगामात काही भागांत सर्व प्राथमिक शाळांत लस दिली गेली. इतर भागांच्या तुलनेत तिथे फ्लूसदृश आजारासाठी जीपीकडे जाणारी प्राथमिक शाळेच्या वयाची मुले ९४ टक्क्यांनी कमी भरली. ज्यांना लस दिलीच नव्हती त्या मोठ्या माणसांतही हे प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी होते. पुण्याहून आजी हिवाळ्याला राहायला येणार असेल, तर हा दुसरा आकडा पहिल्याहून महत्त्वाचा. मुलाला लस देण्यामागचा हा हेतू पालकांना आडवळणाने नव्हे, सरळ सांगायला हवा.

फवारा कायम सारखाच चालतो असे नाही. २०१६ मध्ये अमेरिकेने तो शिफारशीतून काढला, कारण तिथल्या आकडेवारीत त्याचा उपयोग जवळजवळ दिसत नव्हता. त्याच २०१५-१६ च्या हंगामात ब्रिटनमध्ये परिणामकारकता ५७.६ टक्के निघाली. ब्रिटनने आणि फिनलंडने कार्यक्रम चालू ठेवला. संशयाचे बोट एच१एन१ घटकाच्या वाणाकडे होते, तो वाण बदलला गेला आणि २०१८-१९ साठी अमेरिकेने फवारा पुन्हा शिफारशीत घेतला.

काही मुलांना फवारा देत नाहीत: प्रतिकारशक्ती फार खालावलेली, ॲस्पिरिनचे उपचार चालू असलेली, गेल्या ७२ तासांत छातीत घरघर झालेली. नुसता दमा असणे आड येत नाही. अंड्याची ॲलर्जीही बहुतेकांना आड येत नाही. त्या ॲलर्जीमुळे कधी अतिदक्षता विभागात ठेवावे लागले असेल तरच आधी तज्ज्ञांचा सल्ला लागतो. घरात अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर विलगीकरणात ठेवावा लागेल इतका नाजूक रुग्ण असेल, तर मुलाला इंजेक्शन देणे योग्य. फवाऱ्यानंतर नाक चोंदते किंवा वाहते, कधी डोके दुखते. मूल लगेच शिंकले तरी पुन्हा फवारावे लागत नाही. तोंड फिरवून मूल ठामपणे नको म्हणाले तर नर्स जबरदस्ती करत नाही. शाळेतली पाळी चुकलेल्यांसाठी लसीकरण पथक नंतर वेगळी सोय करते.