आधी घड्याळ विचारा

विषबाधेच्या तपासात ‘काय खाल्लं?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. मुरलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणखी दोन गोष्टी विचारतो: किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला? जेवून दोन-तीन तासांत उलट्या लागल्या, तर विष बहुधा पानात वाढलं तेव्हाच तयार होतं. रात्री जेवून सकाळी पोटात मुरडा आला, तर जिवाणूने पोटात गेल्यावर उद्योग केला असावा. आपल्याकडे मात्र वसतिगृहातल्या मुलांना विषबाधा झाली की आमटीच्या पातेल्यात हमखास पाल सापडते आणि तपास आटोपतो. बिचारी पाल! घरातल्या पालीच्या अंगात विष नसतंच.

हे घड्याळाचं शास्त्र सहजासहजी हाती आलेलं नाही. त्यासाठी काही शास्त्रज्ञांनी स्वतःचं पोट पणाला लावलं.

त्यातला माझा आवडता माणूस नॉर्वेचा. स्टाइनर हाउगे. दुसरं महायुद्ध संपून दोन-चार वर्षं झाली होती. ऑस्लोकडच्या रुग्णालयांत आणि इतर संस्थांच्या पंगतींत जुलाबाच्या साथी आल्या. चार साथींत मिळून सुमारे ६०० माणसं आजारी पडली. संशय गेला गोडावर ओतायच्या व्हॅनिला सॉसवर. सॉस आदल्या दिवशी शिजवायचा, मोठ्या भांड्यात तसाच बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी वाढायचा, अशी तिथली रीत. त्यात ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा जिवाणू खच्चून भरलेला निघाला.

पण हा जिवाणू गुन्हेगार आहे हे मानणार कोण? फ्रँकलंड दांपत्याने १८८७ साली तो पहिल्यांदा वेगळा केला तो गोठ्याच्या हवेतून. माती, धूळ, धान्य, कुठेही सापडणारा प्राणी. प्रयोगशाळेतल्या बशीत उगवला तर ‘बाहेरून आला असेल’ म्हणून बशी फेकून द्यायची, इतकीच त्याची किंमत. सॉस तर उकळलेला, मग तो वाचला कसा? उत्तर होतं सॉस दाट करायला वापरलेल्या कॉर्नफ्लोअरमध्ये. त्यात या जिवाणूचे बीजाणू होते. उकळीने बाकीचे जंतू मरतात, बीजाणू मात्र तगतात, आणि भांडं सावकाश निवू लागलं की रिकाम्या मैदानात रुजतात.

हाउगे यांनी मग हा जिवाणू वाढवला, दर मिलिलिटरला ४० लाख इतका, आणि २०० मिलिलिटर स्वतः प्यायले. हिशेब केला तर ८० कोटी जिवाणू एका पेल्यात. मग वाट पाहणं आलं. एक तास, दोन तास, काही नाही. सुमारे तेरा तासांनी पोटात कळा सुरू झाल्या आणि पाण्यासारखे जुलाब, ते जवळजवळ आठ तास! इतक्या त्रासात कुणाला आनंद झाला असेल तर तो हाउगे यांनाच, असं मला उगाच वाटतं. आज नैतिकता समितीपुढे असा प्रस्ताव ठेवला तर बैठक पाच मिनिटांत संपेल. त्यांनी हे १९५० मध्ये प्रसिद्ध केलं, इंग्रजीत यायला १९५५ उजाडलं.

हाउगे यांच्या कितीतरी आधी, १९१४ साली, फिलिपिन्समध्ये एम. ए. बार्बर यांनी गाईच्या दुधाचा असाच छडा लावला होता. ताजं दूध बाधत नसे, उष्ण हवेत काही तास राहिलं की बाधायचं. गाईच्या सडातूनच येणारा स्टॅफिलोकोकस तेवढ्या वेळात दुधात विष तयार करी. बार्बर यांनीही तसलं दूध पिऊनच खात्री केली.

सिरियसने पुढे तपास करणाऱ्यांना चकवलं. १९७१ पासून ब्रिटनमधल्या चिनी खानावळींतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडू लागले. जिवाणू तोच, पण जुलाबांऐवजी उलट्या, आणि त्याही एक ते पाच तासांत. घड्याळ जुळेना. स्वयंपाकघरांत डोकावल्यावर उलगडा झाला. भात आधीच शिजवून बाहेर निथळत ठेवायचा, कारण फ्रिजमध्ये ठेवला की शितं एकमेकांना चिकटतात आणि परतताना मोकळी होत नाहीत. ही अडचण फोडणीचा भात करणाऱ्या कोणालाही कळेल. बाहेर राहिलेल्या त्या भातात उलटी आणणारं वेगळंच विष तयार व्हायचं. कढईतल्या आचेने जिवाणू मेले तरी विषाला काही होत नसे. १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी ते टिकतं.

हे विष वेगळं आहे हे दाखवायला उंदरांचा उपयोग नव्हता, कारण उंदरांना उलटी करताच येत नाही. त्यामुळे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगांत तो घास ऱ्हीसस माकडांच्या वाट्याला आला. पेला उचलायला या वेळी शास्त्रज्ञ पुढे आले नाहीत.